घरबंद माणसांचा विरंगुळा

नांदेडकडून येणाऱ्या वाटेला जेथें हिंगोलीची वाट एकीकडे व नागपूरची वाट दुसरीकडे फुटते, तें कळमनुरी तालुक्यांतील ठिकाण म्हणजे वारंगा फाटा. फाट्याचा स्वभावच मुळीं न थांबण्याचा. कोणी उतरतो, कोणी चढतो, आणि मध्यंतरीं येथील प्रसिद्ध खिचडीचा समाचार घेऊन प्रवासी पुढें चालूं लागतो. अशा नाक्यांवरची वर्दळहि एकदां थांबली. २५ मार्च २०२० हा दिवस गुढीपाडव्याचा. कोरोनाच्या साथीमुळें त्याच दिवसापासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली व पुढें ती वाढत गेली. एसटी बंद, प्रवासी आगगाड्या बंद, शाळा आणि देवळेंहि बंद. ज्यांचें पाऊल एरवीं घरांत ठरत नसे, अशा कर्त्या पुरुषांसहि चार भिंतींचा सहवास प्रथमच इतका घडला.

साथी आपणांस नव्या नाहींत. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगानें हाहाकार केला, तेव्हां त्या वर्षीं झालेल्या साथीच्या कायद्याचाच आधार २०२० मध्येंहि घेण्यांत आला. मात्र एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. प्लेगांत माणसें घर सोडून गांवाबाहेर झोपड्या घालून राहात. कोरोनांत त्यांना घराबाहेर पडण्याचीच मनाई झाली. पहिल्या संकटांत घर पारखें झालें, दुसऱ्यांत तें अति झालें!

मग दिवस कसा काढावा? २८ मार्चपासून दूरदर्शननें १९८७-८८ सालची ‘रामायण’ मालिका सकाळीं व रात्रीं पुन्हां दाखविण्यास आरंभ केला, आणि आजोबा व नातू पुष्कळ दिवसांनीं एका सतरंजीवर बसले. आषाढीची पायी वारी त्या वर्षीं निघाली नाहीं. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह ३० जूनला एसटीनें पंढरपुरास गेल्या. बाकीच्यांनीं विठ्ठलास घरूनच हात जोडले. परगांवचीं मुलें व नातवंडें फोनच्या पडद्यावर दिसूं लागलीं. या सोयीचे उपकार मानलेच पाहिजेत.

तथापि थोड्याच आठवड्यांत अनेक घरांस निराळाच अनुभव आला. ज्याच्या हातांत फोन, तो एका कोपऱ्यांत. दुसरा दुसऱ्या कोपऱ्यांत. माणसें दूरदेशींच्या मित्रांशीं बोलत होतीं, पण माजघरांतील आजीशीं नव्हे. करमणूक होती, सोबत नव्हती. या दोन गोष्टी आपण एकच समजतों, तेथेंच आपली चूक होते.

हा भेद आपल्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवावा लागला नाहीं. घरांत कोंडून राहणें हें त्यांच्यापैकीं पुष्कळजणींचें जन्माचें जिणें होतें. टाळेबंदीनें पुरुषांस जें कांहीं महिने भोगावें लागलें, तें त्यांनीं कोणतीहि साथ नसतांना वर्षानुवर्षें भोगलें. त्यांत गौरव करण्यासारखें कांहीं नाहीं. पण त्यांतून त्यांनीं जी वाट काढली ती मात्र पाहण्यासारखी आहे. भल्या पहाटे जात्याशीं दोघी समोरासमोर बसत. खुंट्याला दोघींचे हात, आणि एकीच्या ओवीला दुसरीची जोड. माहेरचा भाऊ, सासरचा जाच, पंढरीचा विठोबा यांपैकीं जें कोणापाशीं बोलतां येत नसे, तें जात्यापाशीं गातां येई. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून अशा ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली!

नामदेवांची नरसी याच हिंगोली जिल्ह्यांतली, आणि त्यांच्या घरीं राबणारी जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडची. जनाबाईला दळूं लागावयास प्रत्यक्ष विठ्ठल आला अशी भाविकांची श्रद्धा आहे. या कथेंतला देव तिची करमणूक करावयास येत नाहीं; तो तिच्या जात्याला हात लावतो. सोबतीचें मर्म यांतच आहे.

टाळेबंदी संपली, पण घरबंद माणसें संपलीं नाहींत. मांडीचें हाड मोडून अंथरुणास खिळलेल्या आजी, दृष्टि अधू झालेले आजोबा, दीर्घ दुखण्यांतून उठणारी सून, तान्ह्या मुलाजवळ दिवस काढणारी बाळंतीण, यांची टाळेबंदी चालूच असते. त्यांच्यापुढें दूरचित्रवाणी लावून दिली कीं आपलें कर्तव्य झालें, असें आपणांस वाटतें. वास्तविक त्यांना हवें असतें तें आपली कोणाला तरी गरज आहे हें कळणें.

त्यासाठीं फार खटाटोप नको. आजींच्या पुढ्यांत शेंगांचें सूप ठेवावें, वाती वळावयास द्याव्या. परंतु दया म्हणून नव्हे, काम म्हणून. त्यांना येणाऱ्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्या. फोनचा याहून चांगला उपयोग क्वचितच होईल. आजोबांना गांवचा जुना वृत्तांत विचारून मुलांकडून एका वहींत उतरवून घ्यावा. सायंकाळीं दिवेलागणीनंतर अर्धा तास कोणीतरी मोठ्यानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें. सागरगोटे आणि सोंगट्या माळ्यावरून खालीं काढाव्या. परगांवच्या मुलानें आठवड्यांतून एका ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं फोन करावा. कारण वाट पाहण्यालाहि वेळापत्रक असलें म्हणजे ती सुखाची होते. आणि बोलतांना नुसतें “जेवलीस का?” न विचारतां, “लोणच्याला मीठ किती घालूं?” असें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत संपतें. दुसऱ्या प्रश्नानें आई पुन्हां घरची कर्ती होते.

वारंगा फाट्यासारख्या नाक्यांवर वाहनें पुन्हां धांवूं लागलीं, आणि आपणहि सारे आपापल्या वाटेला लागलों. धांवणाऱ्याला सोबत वाटेंतहि मिळते. बसून राहिलेल्याला ती घरच्यांनींच द्यावी लागते. म्हणून, वाचकहो, हें पान मिटल्यावर आंतल्या खोलींत क्षणभर डोकवा आणि तेथल्या माणसाला एखादी गोष्ट विचारा. उत्तर लांबलें तरी उठूं नका.