पदकावरचा मिना

आमच्या गटातल्या एक ताई मुलीच्या फीसाठी दिंडोरीहून नाशिकला पदक मोडायला गेल्या. मोराचं, हिरव्या-निळ्या मिन्याचं पदक. काट्यावर ठेवलं तर वजन पावतीइतकंच. पण पैसे कमी. दुकानदार म्हणाले, "मिन्याचं वजन सोन्यात धरत नाही." ताई म्हणाल्या, "घेताना तर धरलं होतं की!" मग आम्ही मिना म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं. तेच आज सांगतो.

मिना दिसतो रंगासारखा, पण असते ती काच. काच बनवताना तिच्यात धातूंची ऑक्साइडं मिसळतात. कोबाल्टमुळे निळा रंग येतो, तांब्यामुळे हिरवा. ही काच खलात कुटून, धुऊन तिची बारीक पूड करतात. कारागीर सोन्यावर किंवा चांदीवर नक्षी कोरतो, तिच्या खळग्यांत ओली पूड भरतो, सुकवतो आणि दागिना भट्टीत ठेवतो. ८०० अंशांच्या आसपास पूड वितळते आणि धातूला घट्ट धरते. जास्त आच सोसणारा रंग आधी भरतात, नाजूक लाल शेवटी. गार झाल्यावर घासून चकाकी आणतात. जयपूरचं मिनाकाम आणि बनारसचा गुलाबी मिना यासाठी प्रसिद्ध आहेत.

आपल्या घरातली निळ्या काठाची पांढरी इनॅमलची थाळी आठवा. तीही लोखंडी पत्र्यावर चढवलेली काचच. आपटली की टवका उडतो आणि तिथे गंज धरतो. पदकाचंही तसंच. सोनं वाकतं, काच वाकत नाही, ती तडकते. म्हणून मिन्याचा दागिना मऊ कापडात वेगळा ठेवा. चिंच-लिंबानं घासू नका.

हल्ली काही दागिन्यांवर भट्टीत न घालता नुसता रंग भरतात. तो लवकर खरवडतो. म्हणून घेताना विचारा, "हा भट्टीतला मिना आहे की वरून भरलेला रंग?"

आणि मुख्य गोष्ट पावतीची. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता लिहावीच लागते. एकूण वजन, मिन्याचं वजन आणि निव्वळ सोनं असं वेगवेगळं लिहून मागा. सोन्याचा भाव फक्त निव्वळ सोन्यालाच लावून घ्या. मिन्याची कारागिरी मोलाचीच आहे, तिचे पैसे मजुरीत द्यावेत. काचेला सोन्याचा भाव कशाला?

ताईंनी आता गटाच्या बैठकीत प्रत्येकीला आपापली पावती आणायला सांगितलं आहे. तुम्हीही आज डबा उघडून तुमची पावती वाचून पाहा.