थंडीतला मुरगूडचा बाजार

मुरगूडच्या आठवडी बाजारात भाजीवाले दोन तऱ्हेचे. एकाकडं कोबी, फ्लॉवर, ढबू, बटाटा असं सगळंच असतं. तो माल बहुधा घाऊक बाजारातून उचललेला. दुसरी पोतं अंथरून बसलेली मावशी. तिच्यापुढं मेथीच्या थोड्या पेंड्या, वांग्यांचे वाटे, शेवग्याच्या चार शेंगा. वेदगंगेकाठच्या रानातलं ताजं हवं असेल तर तिच्याकडं वळावं आणि भावाआधी विचारावं, "मावशी, भाजी कवा खुडलीया?" ज्यानं खुडली त्याला उत्तराला वेळ लागत नाही.

हरभऱ्याच्या भाजीला तर हे विचारायलाच हवं. दिवाळीच्या आगंमागं पेरलेल्या हरभऱ्याचे शेंडे महिन्या-सव्वा महिन्यानं खुडतात. शेंडा गेला की रोपाला फांद्या फुटतात आणि पुढं घाटेही जास्त लागतात. म्हणजे भाजी विकून शेतकऱ्याचं पीक घटत नाही. पण फुलं आली की खुडणी थांबते, म्हणून ही भाजी बाजारात थोडेच आठवडे दिसते. पानांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची आंब असते, तिचीच ती आंबूस चव. फार धुतली तर चव पाण्याबरोबर जाते, म्हणून जुन्या बायका ती नुसती झटकून, निवडून चिरतात. पान चिमटीत धरून जिभेला लावून बघा. आंबट लागलं नाही तर पेंडी खाली ठेवा. पुढं त्याच रानातले डहाळे येतात.

गुऱ्हाळं याच दिवसांत पेटलेली असतात. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं रवा पारखता येत नाही. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा. तो रंग पुष्कळदा हायड्रोस पावडरीचा असतो. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ तांबूस-तपकिरी निघतो. मी तोच घेते, पाहुण्यांनी नाक मुरडलं तरी.

शेजारच्या आजऱ्याचा घनसाळ तांदूळही आता नवा येतो. नव्या तांदळाला पाणी बेतानं घालावं, नाहीतर भाताचा गोळा होतो.

संध्याकाळी भाव उतरतात, कारण उरलेली भाजी परत न्यायला कुणी राजी नसतं. भोगीच्या आधीचा बाजार मात्र याला अपवाद. तेव्हा पावटा, वांगं, गाजर, ओला हरभरा यांचे मिसळ वाटे सकाळीच संपतात.