स्पोर्ट पायलटचे एकल उड्डाण: परवाना असूनही प्रशिक्षकाची सही कधी लागते?

अमेरिकेत स्पोर्ट पायलट परवाना मिळवलेले हौशी वैमानिक पुढे खासगी वैमानिक परवान्याकडे वळतात, तेव्हा एक प्रश्न हमखास उपस्थित होतो: परवाना हाती असताना एकट्याने उड्डाण करण्यासाठी प्रशिक्षकाची लेखी मान्यता पुन्हा घ्यावी लागते का?

संघीय विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) २००४ मध्ये हा परवाना सुरू केला. विमानासाठी त्याला किमान २० तासांचे उड्डाण आवश्यक असते, तर खासगी परवान्यासाठी सर्वसाधारणपणे किमान ४० तासांचे. विद्यार्थी वैमानिकाला मिळणारी एकल उड्डाणाची मान्यता ९० दिवसांपुरतीच असते. स्पोर्ट पायलटला मात्र आपल्या अधिकारकक्षेतील विमानात अशी मान्यता लागत नाही.

खरी मेख त्या अधिकारकक्षेतच आहे. या परवान्यावर विमानाचा प्रवर्ग वा वर्ग नमूद नसतो. अधिकार ठरतात ते उड्डाण नोंदवहीतील प्रशिक्षकांच्या नोंदींवरून. त्यामुळे केवळ इंजिनयुक्त पॅराशूटचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला विमान एकट्याने उडवायचे असल्यास त्याचे प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाची लेखी मान्यता, दोन्ही अनिवार्य ठरतात.

खासगी परवान्यासाठी नियंत्रण मनोरा कार्यरत असलेल्या विमानतळावर एकट्याने तीन उड्डाणे व अवतरणे करावी लागतात. अशा नियंत्रित हवाई क्षेत्रासाठीही स्पोर्ट पायलटच्या नोंदवहीत स्वतंत्र मान्यता असावी लागते.

ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी ही कक्षा रुंदावली. पूर्वी जमिनीवरून उडणाऱ्या विमानासाठी सुमारे ६०० किलो वजन व दोन आसनांची मर्यादा होती. आता चार आसनांपर्यंतची अनेक विमाने स्पोर्ट पायलटला खुली झाली आहेत. मात्र सोबत प्रवासी एकच नेता येतो. रात्रीच्या उड्डाणासाठी प्रशिक्षण, मान्यता आणि वैद्यकीय पात्रता आवश्यक आहे.

आणखी एक बाब अनेकदा नजरेआड होते. एकल उड्डाण म्हणजे विमानात केवळ वैमानिकच असणे. मित्राला सोबत घेऊन केलेले उड्डाण नियमबाह्य नसले, तरी खासगी परवान्यासाठीच्या १० एकल तासांत ते धरले जात नाही. परीक्षक प्रत्यक्ष चाचणीपूर्वी नोंदवही तपासतो आणि एखादी नोंद अपुरी आढळल्यास उमेदवाराची चाचणीच लांबणीवर पडते. म्हणून विमान बदलण्यापूर्वी प्रशिक्षकासोबत नोंदवही पडताळून घेणे, हेच श्रेयस्कर.