शेततळ्यांतील माशांचे जंतुरोग : झाडपाल्याचा अर्क आणि प्रतिजैविकें

सावनेर तालुका संत्र्यांचा व कापसाचा म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना निघाल्यापासून तळ्याच्या पाण्यांत रोहू, कटला व मृगळ वाढवून जोडउत्पन्न मिळवावें, हा विचार बागाईतदारांत रुजूं लागला आहे. अशा बंधूंसाठीं आम्हीं हे चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

परांच्या मुळाशीं लाल डाग, फुगलेलें पोट, उभे राहिलेले खवले व अंगावर व्रण, हीं लक्षणें दिसल्यास बहुधा ‘एरोमोनास’ जातीचे जंतु कारण असतात. ते पाण्यांत नेहमींच असतात. दाटी, कुजलेलें खाद्य व प्राणवायूची उणीव यांनीं मासा अशक्त झाला म्हणजे उचल खातात.

यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन हें प्रतिजैविक खाद्यांतून देतात. परंतु तें वारंवार व अर्धवट दिल्यास जंतु त्यास दाद देईनासे होतात. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं हा धोका १९४५ सालींच सांगितला होता. म्हणून लसूण, हळद, तुळस, कडुनिंब यांचे अर्क प्रतिजैविकाच्या जोडीस देऊन पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. कांहीं वनस्पतिद्रव्यें जंतूचें कवच शिथिल करितात. कांहीं, आंत शिरलेलें औषध जंतु ज्या मार्गानें बाहेर फेकतो, तो मार्गच रोखतात. दोन्ही एकत्र केल्यावर प्रत्येकाची एकेरी मात्रेच्या चौथाईइतकी मात्रा पुरली, तर मेळ जमला असें समजतात. मात्र सर्वच जोड्या जमत नाहींत. कांहीं एकमेकींचा गुणही मारितात.

शिवाय परीक्षानळी निराळी आणि तळें निराळें. २० मीटर लांब, तितकेंच रुंद व २ मीटर खोल तळ्यांत ८ लाख लिटर पाणी मावतें. त्यांत १० लिटर काढा ओतला, तर ८० हजारांत एक भाग पडतो. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रमच होय. मोहाची पेंड नको असलेले मासे मारण्यासाठींच वापरतात, आणि कडुनिंबाचा अर्क अधिक झाल्यास माशांस बाधतो. चुन्यांतील कॅल्शियम तर ऑक्सिटेट्रासायक्लिनला जखडून ठेवितें. यास्तव चुना टाकलेल्या तळ्यांत तें औषध ओतणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें होय.

आमचें सांगणें इतकेंच : आधीं दाटी कमी करावी, खाद्य मापून द्यावें, पहांटे मासे वर तोंड काढूं लागल्यास पाणी खेळतें करावें. रोग दिसतांच आजारी मासा नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाच्या तज्ज्ञांस दाखवावा. जंतु कोणत्या औषधास बळी पडतात हें तपासून त्यांनीं सांगितलेली मात्रा ठरलेले सर्व दिवस द्यावी. अर्काची जोडही त्यांच्याच सल्ल्यानें द्यावी. औषधानंतर मासळी लगेच बाजारांत नेऊं नये. अमेरिकेंत ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलेल्या पाळीव माशांकरितां २१ दिवस थांबण्याचा दंडक आहे. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान हीं औषधें आपल्या देशांत मत्स्यपालनास वर्ज्य आहेत.

तळ्याचें हेंच पाणी संत्र्याच्या झाडांस जातें व गुरेंही तेंच पितात. त्यांत काय ओतावें, याचा विचार प्रत्येक शेतकऱ्यानें ओतण्यापूर्वीं करावा.