नव्या नाटकाचें आयुष्य

नाटक चांगलें असलें म्हणजे तें टिकतेंच, असा पुष्कळांचा समज असतो. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं संयुक्त ‘मानापमान’ केलें, तेव्हां १०० रुपयांचीं तिकिटेंही खपलीं. परंतु तें नाटक १९११ पासून रसिकांच्या परिचयाचें होतें. नव्या नाटकास ती पुण्याई नसते. प्रेक्षक थोडे आले म्हणून नाट्यगृहाचें भाडें वा नटांचा मेहनताना कमी होत नाहीं. जालन्यास मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मंडळीस प्रवासखर्चही सोसावा लागतो. पहिल्या कांहीं प्रयोगांत गल्ला जमला नाहीं, तर नाटक बंद पडतें; मागाहून केलेली स्तुति त्यास जगवीत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं फुकट पासाची वाट न पाहतां आरंभींच तिकीट काढावें, असें आम्हांस वाटतें.