गोठ्यावर लांबून नजर

जयपूरला लागून असलेल्या झालाना आणि आमागडच्या टेकड्यांत बिबटे आहेत, तेव्हा शेळ्यांच्या वाड्यावर रात्री कॅमेरा हवाच. सिमकार्डवर चालणारा ५ वॅटचा कॅमेरा दिवसाला १२० वॅट-तास वीज घेतो. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी आणि ५० वॅटचे सौर पॅनेल त्याला पुरते. सलग चित्रण मात्र नकोच: १ एमबीपीएस वेगाने तासाला ४५० एमबी डेटा संपतो. हालचाल दिसली तरच चित्रण सुरू व्हावे.

जुना मोबाइलही चालतो, पण इथल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि तापलेली बॅटरी फुगते. तो सावलीतच बांधा. गाय व्यायला आली असेल, तर कॅमेरा तिच्या मागच्या बाजूला रोखा.