‘फ्रेशर्स फ्लू’ म्हणजे काय?

सप्टेंबरअखेरीस ब्रिटनमधली विद्यापीठं भरतात आणि दोनेक आठवड्यांत वर्गावर्गांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. तिथे याला ‘फ्रेशर्स फ्लू’ म्हणतात. नावात फ्लू असला तरी बहुतेकदा ही साधी विषाणूजन्य सर्दीच. गावोगावची, देशोदेशींची मुलं आपापले विषाणू घेऊन एकाच वसतिगृहात, एकाच स्वयंपाकघरात येतात. त्यात जागरणं आणि जेवणाची आबाळ. पुण्याहून गेलेल्या मुलाला वाटतं, थंडी बाधली. खरा दोष थंडीपेक्षा बंद खिडक्यांचा आणि गर्दीचा.

बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. डॉक्टरही पॅरासिटामॉल, पाणी आणि झोप एवढंच सांगतात, आणि आपल्याकडची मुलं हिरमुसतात! चिठ्ठीशिवाय तिथे अँटिबायोटिक मिळत नाही; विषाणूवर त्याचा उपयोगही नसतो. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे डॉक्टरांच्या तपासणीचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र पोहोचताच जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला हवं. तातडीच्या सल्ल्यासाठी १११ क्रमांक आहे.

एक दुखणं मात्र सर्दी समजून अंगावर काढू नये: मेंदूज्वर. सुरुवात बहुतेकदा तापानेच होते. मान आखडली, उजेड सहन होईना, ग्लानी आली किंवा काचेचा पेला दाबूनही न मावळणारे डाग अंगावर उठले, तर थेट ९९९ ला फोन करा. पुरळाची वाट पाहू नका. याच्या चार प्रकारच्या जंतूंवरची ‘मेनएसीडब्ल्यूवाय’ लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या.